गच्चीवरची तार : गिरगावचा गुप्त रेडिओ आणि आपल्या खांबाची निगा

रेडिओ म्हटलं की आपल्याला आठवतो तो आवाज. बातम्या देणारी, गाणं लावणारी, बाजारभाव सांगणारी ताई आठवते. पण त्या ताईचा आवाज खोलीतून बाहेर पडतो तो एका तारेवरून, एका केबलमधून, आणि घराबाहेर उन्हापावसात उभ्या असलेल्या एका खांबावरून. गाय दूध देते म्हणून आपण गाईचं कौतुक करतो, पण गोठ्याचं छप्पर गळतंय का हेही कुणीतरी बघावंच लागतं. आजच्या भाषणात आम्ही त्या छपराबद्दल, म्हणजे रेडिओच्या बाहेरच्या सामानाबद्दल बोलणार आहोत. त्यासाठी आधी मुंबईला, गिरगावात जाऊ. साल १९४२.

त्याच्याही थोडं मागे जायला हवं. आपल्या देशात रेडिओ सुरू केला तो हौशी माणसांनी. १९२३ च्या जून महिन्यात मुंबईच्या रेडिओ क्लबने पहिला कार्यक्रम हवेत सोडला. पुढे २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. या सगळ्या काळात शहरात काही हौशी मंडळी परवाना घेऊन घरीच यंत्रं जुळवत होती. गच्चीवर तार बांधायची आणि रात्री दूरदेशीच्या दुसऱ्या हौशी माणसाशी बोलायचं, असा त्यांचा छंद. या मंडळींना आज आपण ‘हॅम’ म्हणतो.

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि सरकारने हा छंद बंद केला. प्रक्षेपणाची यंत्रं पोलिसांकडे जमा करा, असे हुकूम निघाले. बोलायचा हक्क सरकारचा, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं, असा तो काळ.

मग आला ऑगस्ट १९४२. ८ तारखेला गवालिया टँकच्या मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ९ तारखेला पहाटे गांधीजींसह प्रमुख पुढाऱ्यांना अटक झाली. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. चळवळ गावोगावी चालू होती, पण एका गावचं दुसऱ्या गावाला कळेना. तेव्हा मुंबईतल्या काही तरुणांनी ठरवलं, आपलाच रेडिओ काढायचा. त्यात २२ वर्षांच्या उषा मेहता होत्या. त्यांच्याबरोबर बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी होते. यंत्राची बाजू नरिमन प्रिंटर या जुन्या हौशी रेडिओवाल्याने सांभाळली. शिकागो रेडिओ या प्रसिद्ध कंपनीचे नानक मोटवाने यांचंही सहकार्य मिळालं. पुढे राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन हे भूमिगत पुढारी या रेडिओला येऊन मिळाले.

ऑगस्ट संपता संपता आवाज सुरू झाला. हा काँग्रेस रेडिओ आहे, ४२.३४ मीटरवरून, हिंदुस्थानात कुठून तरी बोलतो आहे, अशी त्याची ओळख असे. ‘कुठून तरी’ हे शब्द मुद्दाम होते. ते ‘कुठून तरी’ म्हणजे गिरगाव चौपाटी आणि तिच्या आसपासचा परिसर.

आता हा ४२.३४ मीटरचा आकडा समजून घेऊ, कारण सगळी गंमत त्यात आहे. रेडिओची लहर तळ्यातल्या लाटेसारखी असते. एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचं अंतर म्हणजे तिची लांबी. या रेडिओची लहर ४२.३४ मीटर लांब होती. अशी लहर नीट हवेत सोडायची तर तिच्या निम्म्या लांबीची तार सोयीची पडते. निम्मी म्हणजे साधारण २१ मीटर. आपली नऊवारी जवळपास सव्वाआठ मीटरची. म्हणजे अडीच नऊवारी एकापुढे एक पसराव्यात एवढी लांब तार, आणि तीही उंचावर, भिंतीला न टेकता, दोन्ही टोकांना ताणून. या लांबीच्या लहरीचा एक गुण आहे. ती वर आकाशात जाते, शेकडो किलोमीटर उंचीवरच्या थरावर आपटते आणि पुन्हा जमिनीवर दूर कुठेतरी उतरते. म्हणून मुंबईतल्या छोट्या यंत्राचा आवाज रात्रीच्या वेळी फार लांब पोचू शकतो.

आता डोळ्यांसमोर आणा. यंत्र एका ट्रंकेत घालून नेता येईल, कपाटात लपवता येईल. पण २१ मीटरची तार कशी लपवायची? ती उघड्यावरच हवी. तेव्हा साधा रेडिओ ऐकायलाही लोक घराबाहेर एरियलची तार बांधत, एवढाच काय तो आडोसा. त्यात हा रेडिओ एका जागी राहू शकत नव्हता. चौपाटीवरची ‘सी व्ह्यू’ इमारत, लॅबर्नम रोडवरचा ‘अजित व्हिला’, सँडहर्स्ट रोडवरचं ‘लक्ष्मी भुवन’, गिरगावातली ‘पारेख वाडी’, आणि शेवटी महालक्ष्मीच्या देवळाजवळचा ‘पॅरडाइज बंगला’. जेमतेम अडीच-तीन महिन्यांत एवढ्या जागा. बोलणारी माणसं टॅक्सीतून नव्या जागी जातील. तारेचं मात्र दर वेळी पहिल्यापासून. जुनी उतरवायची, गुंडाळायची, नव्या गच्चीवर कुठे बांधता येईल ते बघायचं, पुन्हा ताणायची, यंत्राशी जुळवायची.

आणि ऋतू कोणता? ऑगस्ट ते नोव्हेंबर. मुंबईचा पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत रेंगाळतो. चौपाटीवर समुद्र समोरच. समुद्राचं वारं मिठाचं. तारेच्या टोकाला चिनी मातीचे गट्टू लावतात, ज्यांना इन्सुलेटर म्हणतात, त्यांच्यावर मिठाचा पातळ थर बसतो. तो ओला झाला की विजेला वाट मिळते आणि आवाजाची ताकद हवेत जायच्या ऐवजी भिंतीत मुरते. तांब्याच्या जोडावर हिरवा थर चढतो, लोखंड गंजतं. रेडिओ आतून धडधाकट असला तरी बाहेरची एक गाठ सडली की आवाज बसतो. हा नियम तेव्हाही होता, आजही आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरचं उदाहरण घ्या. तेव्हा तो चांदा जिल्हा. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथे उठाव झाला. त्यानंतर सैनिक आले आणि त्यांनी गावातल्या बायाबापड्यांवर अत्याचार केले. चौकशी व्हावी म्हणून जयकृष्ण भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं, पण त्या उपोषणाची बातमीही छापू नये अशी वर्तमानपत्रांना बंदी होती. ही जी चिमूर-आष्टीची हकिगत वर्तमानपत्रांत येऊ शकत नव्हती, ती काँग्रेस रेडिओने सांगितली. एका गावातल्या बायांवर जे झालं ते दाबून टाकायचं सरकारने ठरवलं होतं, आणि ते दाबलं जाऊ नये म्हणून गिरगावातल्या एका गच्चीवर कुणीतरी ओल्या पावसात तार ताणत होतं. त्या तारेचं मोल आम्हाला इथे कळतं.

पण तार जसा आवाज पाठवते, तशी ती स्वतःचा पत्ताही सांगते. पोलिसांच्या गाड्यांमध्ये लहरीची दिशा शोधणारी यंत्रं होती. अशा यंत्राला गोल कड्यासारखी तार असते. ती फिरवत गेलं की एका दिशेला आवाज एकदम क्षीण होतो. त्यावरून दिशा कळते. दोन वेगवेगळ्या जागांहून दिशा काढली आणि नकाशावर रेघा ओढल्या की त्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे रेडिओ असतो. म्हणून ही मंडळी सारखी जागा बदलत. ध्वनिमुद्रण करायची जागा वेगळी आणि प्रक्षेपणाची जागा वेगळी, अशीही काळजी त्यांनी घेतली होती.

१२ नोव्हेंबर १९४२ ला पॅरडाइज बंगल्यावर पोलिसांचा छापा पडला. उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी तिथे प्रक्षेपण करत होते. कार्यक्रमाच्या शेवटचं ‘वंदे मातरम्’ चालू होतं. पुढे कित्येक महिने चौकशी झाली. उषाबेननी तोंड उघडलं नाही. खटल्यात बाबूभाई खाकर यांना पाच वर्षांची, उषाबेनना चार वर्षांची आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाने सुटले. उषाबेन पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात राहिल्या आणि १९४६ मध्ये बाहेर आल्या. नंतर त्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. मणिभवनचं काम त्यांनी सांभाळलं. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. ११ ऑगस्ट २००० ला त्या गेल्या.

हा रेडिओ पकडला गेला तो कसा? उषाबेननी पुढे सांगितलं की आपल्याच एका तंत्रज्ञाने पोलिसांना जागा दाखवली. या गोष्टीकडे आम्ही फक्त फितुरी म्हणून बघत नाही. यंत्र बनवणं, तार लावणं, ती जुळवणं हे ज्ञान फार थोड्या हातांत होतं. ज्याच्या हाती ते ज्ञान, त्याच्या हाती सगळ्यांची मान. तो माणूस पोलिसांनी धरला आणि रेडिओ उघडा पडला. बोलणाऱ्या कितीही निर्भय असल्या तरी तार ज्याला कळते तो एकटाच असेल, तर आवाज त्याच्या भरवशावर राहतो.

आज आपल्याला पोलिसांची भीती नाही. पण ‘तो एकटा माणूस’ आजही आहे. पावसाळ्यात रेडिओ बंद पडतो. शहरातला मिस्त्री चार दिवसांनी येतो, खांबावर चढतो, काहीतरी करतो, पैसे घेतो आणि जातो. त्याने काय केलं ते आपल्यातल्या एकीलाही ठाऊक नसतं. चार दिवस आपला आवाज बंद.

१९४७ नंतर हौशी रेडिओवाल्यांना पुन्हा मोकळीक मिळाली. आज परीक्षा देऊन कुणालाही हा परवाना मिळवता येतो, वयाच्या १२ व्या वर्षापासून. आणि एक योगायोग बघा. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आज भारतातले हॅम ७ ते ७.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. ज्या जागी बोलल्याबद्दल उषाबेन चार वर्षं तुरुंगात गेल्या, तिथे आज शाळकरी मुलगी परवाना घेऊन बोलू शकते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या हौशी रेडिओच्या सामानासह पोर्ट ब्लेअरलाच होत्या. टेलिफोन बंद पडले होते, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी अंदमानची खबर मुख्य भूमीवर पोचवली.

आपल्या गावच्या रेडिओचा मार्गही असाच मोकळा झाला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६ मध्ये सरकारने सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ काढायची मुभा दिली. २००८ मध्ये साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ सुरू झाला. त्याच वर्षी तेलंगणात दलित शेतकरी बायांचा ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. आपल्या एफएमची लहर मात्र वेगळी. ९०.४ मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ३.३ मीटरची. तिच्या अँटेनाची दांडी आपल्यातल्या एखादीच्या उंचीएवढी. पण ही लहर आकाशातून परत येत नाही, ती नजरेसारखी सरळ जाते. म्हणून तिला उंच खांब लागतो. नियमाप्रमाणे तो जास्तीत जास्त ३० मीटर उंच असतो. गिरगावात तार आडवी होती, आपल्याकडे खांब उभा आहे, पण दुखणी तीच.

ती दुखणी ओळखायला शिकू या. जमिनीवरून करायची कामं प्रत्येकीला यायला हवीत.

पहिलं, पाणी. केबल घरात शिरते तिथे ती आधी थोडी खाली झोळ देऊन मग वर घ्यावी. पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, घरात येत नाही. केबलचं काळं आवरण उन्हाने तडकलं, तर त्या चिरेतून पाणी आत शिरतं. आतली जाळी वातीसारखं ते पाणी ओढत नेते आणि काळी पडते. अशी केबल पुसून बरी होत नाही, ती बदलावीच लागते.

दुसरं, जोड. केबलच्या टोकाचं कनेक्टर हे सगळ्यात नाजूक ठिकाण. त्यावर रबरी टेप गुंडाळताना खालून वर गुंडाळत जावं. कौलं आठवा. खालचं कौल आधी बसतं, वरचं त्याच्यावर येतं, म्हणून पाणी ओघळून जातं. टेप वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक पदराच्या कडेला पाणी थांबतं. वरून लेप द्यायचा असेल तर व्हिनेगरसारख्या आंबूस वासाचं सिलिकॉन वापरू नये, त्याने तांबं खराब होतं. आणि तांबं व लोखंड ओल्या जागी एकमेकांना थेट जोडू नये. दोन धातू आणि पाणी एकत्र आले की त्यातला एक झिजत जातो.

तिसरं, ताण. खांबाला तीन दिशांनी तारांचे ताण असतात. तिन्ही सारखेच घट्ट हवेत. एक सैल आणि दोन घट्ट म्हणजे खांब वाकणार. ताण जमिनीत जिथे रोवले आहेत तिथे माती धुपली आहे का, तार गंजली आहे का, नटबोल्ट ढिले आहेत का, हे दर महिन्याला खालून बघता येतं. जनावर त्या तारेला बांधू नये आणि कपडे वाळत घालू नयेत, हे सांगायला लागू नये, पण आम्ही सांगतोच.

चौथं, वीज. खांब आडवा पडला तरी विजेच्या तारांना शिवणार नाही एवढ्या अंतरावर हवा. अर्थिंगची पट्टी तुटलेली नाही ना, ते बघावं. वळवाचे ढग दाटले की प्रक्षेपण थांबवावं. गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावायला जाऊ नये.

आणि वर चढण्याबद्दल. ते काम शिकलेल्या माणसाचं. यंत्र बंद केल्याशिवाय, कमरेला पट्टा लावल्याशिवाय, पावसात किंवा वाऱ्यात, आणि खाली कुणी उभं नसताना कुणीही चढायचं नाही. पण तो माणूस वर असताना आपल्यातल्या दोघींनी खाली वही घेऊन उभं राहावं. कुठला जोड उघडला, काय निघालं, काय बदललं, केव्हा बदललं, हे विचारून लिहावं. यंत्रावर परत येणारी ताकद दाखवणारा काटा किंवा आकडा असतो. तोही रोज लिहावा. पाऊस पडला की तो आकडा वाढतो आणि ऊन पडलं की उतरतो, असं दिसलं तर समजावं की कुठेतरी जोडात पाणी शिरलंय. हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही, रोजची नोंद लागते.

वेळ आपल्या पंचांगानेच ठरवू. एक तपासणी मृग लागायच्या आधी, घर शाकारतो तेव्हा. दुसरी खंडेनवमीला. त्या दिवशी आपण कोयता, विळा, शिलाई मशीन पुजतो. त्याच दिवशी खांबाचे ताण, केबल आणि कनेक्टरही पुसावेत, बघावेत, वहीत लिहावेत. फूल वाहायचं ते त्यानंतर.

इतिहासाच्या पुस्तकात बोलणाऱ्यांची नावं राहतात आणि ती राहायलाच हवीत. पण गिरगावच्या त्या तारेने आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवली आहे. आपला आवाज आपलाच राहायचा असेल, तर त्याची बाहेरची दोरीही आपल्याच हातात हवी, आणि एकीच्या नव्हे, चार जणींच्या हातात. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक कोरी वही काढा. पहिल्या पानावर खांबाचं चित्र काढा, ताण किती, केबल कुठून कुठे, जोड किती, ते लिहा. खाली ज्या चौघी ती वही सांभाळणार, त्यांची नावं लिहा.